अर्धी पाचवी, अर्धी सहावी

दिवाळीचे आकाशकंदील अजून उतरलेले नसतात आणि नांदेड-लातूर रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. एकामागे जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या कडांना लोंबणारं पाचट, आणि त्यांच्या मागे लोह्यापासून अहमदपूरपर्यंत रांगत येणारी आमची एसटी. बसमधली माणसं घड्याळं बघत चडफडतात. मला घाई नसते. खिडकीतून तो वास आत येतो, कापलेल्या उसाचा, किंचित आंबूस, गोड आणि धुळीचा, आणि मी पाठ टेकून बसते. हंगाम सुरू झाला, एवढंच मनाशी म्हणते.

नांदेडला मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. आई लातूरला भावाकडं असते, म्हणून या रस्त्यावर माझी सारखी ये-जा. परवा बसमध्ये शेजारी एक मुलगी बसली होती. पायाशी पत्र्याची पेटी, मांडीवर उशी. दिवाळीची सुट्टी संपवून शिकवणीला लातूरला निघालेली.

"कितव्या बॅचला आहेस?" मी विचारलं.

"सकाळच्या, मॅडम. आमची सुटली की लगेच दुसरी बसती. बाकडं गरमच असतं."

ती हसली. मीही हसले, पण ते 'बॅच' माझ्या कानात राहिलं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, साखर कारखान्यात होते. पाकाची एकेक कढई तयार होऊन खाली उतरली की ते म्हणायचे, "ही बॅच चांगली बसली." हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो साखरेसाठी. पोरांसाठी तो नंतर आला.

*

आमचं गाव अहमदपूरपासून आत, माळावर. कारखाना येण्याआधी गावात चौथीपर्यंत शाळा होती, ती मारुतीच्या देवळाच्या ओसरीत भरायची. चौथी झाली की मुलांनी गुरं धरायची नाहीतर अहमदपूरला सोयऱ्याकडं राहायचं. मुलींचा प्रश्नच नव्हता. अण्णा सोयऱ्याकडं राहून सातवी झाले आणि परत येऊन नांगरामागं लागले. शेतीला अक्षर लागत नाही, असं तेव्हाची माणसं म्हणायची, आणि खोटं बोलत नव्हती. बैलाला वाचता येणाऱ्या माणसाचं विशेष काही वाटत नाही.

मग माळावर चिमणी उभी राहिली. गावातल्या तरण्या पोरांना रांगेत उभं करून एका साहेबानं प्रत्येकाच्या हातात तापमापी दिली आणि विचारलं, "पारा कुठं आहे?" ज्यांना आकडा वाचता आला ते आत गेले. अण्णा आत गेले. वाफेच्या, दाबाच्या, पाण्याच्या काट्यांवर इंग्रजी अक्षरं होती, ती ते तिथंच शिकले. पुढं ते पॅनमन झाले, म्हणजे ज्या भल्यामोठ्या बंद कढईत उसाच्या रसाची साखर होते, ती सांभाळणारा माणूस.

शाळा त्याच्या मागून आली. इंजिनिअर, केमिस्ट, हिशेबनीस ही सगळी बाहेरून आलेली माणसं. त्यांच्या बायकांनी सांगितलं म्हणे, पोरांना शाळा नसेल तर आम्ही या माळावर राहणार नाही. म्हणून कॉलनीच्या टोकाला दहावीपर्यंतची शाळा निघाली. लांब पडवी, लाल कौलं, प्रयोगशाळेत खऱ्या काचेच्या नळ्या. ती शाळा आमच्यासाठी काढलेली नव्हती. पण वर्ग भरायला साहेबांची पोरं पुरेनात, म्हणून दार उघडं राहिलं, आणि त्या दारातून आमच्या गावच्या पहिल्या मुली दहावीला पोचल्या. त्यातली मी एक. आज फळ्यासमोर उभी राहते तेव्हा हे विसरत नाही, की मला शाळेत घातलं ते उसानं.

शाळेचा दिवस भोंग्यावर चालायचा. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की आंघोळ, दुसरा झाला की प्रार्थना. हंगामात चिमणीतून जळक्या चिपाडाची काजळी उडायची. पांढऱ्या सदऱ्यांवर, उघड्या वहीवर, दह्यात, सगळीकडं ती बारीक काळी पिसं उतरायची. घटक चाचणीचा पेपर लिहिताना आम्ही आधी उत्तरपत्रिकेवर फुंकर मारायचो आणि मग नाव लिहायचो. हाताने पुसलं की डाग पसरायचा. पहिलीतल्या पोरालाही हे कळायचं. नवे गुरुजी आले की त्यांना कळायला आठवडा जायचा.

*

शाळेच्या खिडकीतून गाडीतळ दिसायचा. कार्तिक आला की त्या मोकळ्या रानात एका दिवसात गाव वसायचं. ऊसतोड करणाऱ्या टोळ्या यायच्या, मुखेडकडच्या डोंगरातून, बीडकडून. बांबू वाकवून वर पाचट आणि चटया टाकल्या की कोपी झाली. कोपीपुढं चूल, चुलीपुढं कुत्रं, आणि कुत्र्याशेजारी पोरं. ती आमच्याच वयाची होती. आम्ही सातवीच्या वर्गात भूमितीचे कोन मोजत असताना ती वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे, भारे डोक्यावर घेऊन खिडकीखालून जायची. त्यांना कुणी शाळेबद्दल विचारत नव्हतं. पावसात चिखल असतो तसं ते होतं, हंगामात कोप्यांवर पोरं असतात.

पाटीवरचा हिशेब असा होता. हंगाम सुरू दिवाळीनंतर, संपतो फाल्गुनात. शाळा सुरू जूनमध्ये, परीक्षा चैत्रात. म्हणजे ही मुलं आपापल्या गावी जूनमध्ये वर्गात बसायची, दिवाळीला आईबापाबरोबर बैलगाडीत चढायची आणि परत जाईपर्यंत वर्ग पुढं निघून गेलेला असायचा. ज्या चिमणीनं मला शाळा दिली, तीच चिमणी दर दिवाळीला त्यांची शाळा सोडवायची. हे वाक्य मला आज सुचतं. तेव्हा मला फक्त त्यांचे केस लाल दिसायचे आणि त्यांना गृहपाठ नाही याचा हेवा वाटायचा.

मी सातवीत होते त्या हंगामात कारखान्याने आणि जिल्हा परिषदेने मिळून तळावर कोप्यांवरच्या पोरांसाठी साखरशाळा काढायची ठरवलं. किल्लारीकडं भूकंपानंतर तात्पुरत्या घरांना लागलेले पत्रे पक्की घरं झाल्यावर मोकळे झाले होते. तसल्या पत्र्यांची एक शेड उभी राहिली. लातूरहून एक तरुण मास्तर आले. धूळ, वास, खाली झोपलेली पोरं आणि दारात बांधलेले बैल बघून ते पहिल्याच आठवड्यात परत गेले. मग कुणीतरी आईचं नाव सुचवलं.

आई देवणीकडची. शेतकऱ्याघरची, पण माहेरी वडिलांनी हौसेनं दहावी करू दिलेली. अण्णांना ते पटलं नाही.

"पॅनमनची बायको कोप्यांवर जाणार? कॉलनीत काय म्हणतील?"

आई तवा खाली ठेवत म्हणाली, "दहावीला मी गावात पहिली आले होते. त्याचा उपयोग मला आजपर्यंत लग्नपत्रिका वाचायला झालाय. आता आणखी कशाला तरी होऊ दे."

अण्णा हसले आणि तिथंच हरले.

*

पहिल्या दिवशी आईनं फळ्यावर 'अ' काढला आणि वळून बघितलं, तर अर्धा वर्ग झोपलेला. तिला वाईट वाटलं. नंतर कळलं, आईबाप पहाटेच्या अंधारात फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतात, जातात तेव्हा पोरंही उठतात. कुणी पाणी भरतं, कुणी धाकट्याला सांभाळतं, कुणी भाकरी थापतं. दुसऱ्या दिवसापासून आईच्या शाळेचा पहिला तास झोपेचा झाला. चटयांवर सगळी पोरं आडवी, आणि आई दाराशी बसून माश्या हाकतेय. तपासणीला आलेल्या साहेबानं विचारलं, "बाई, हा कोणता विषय?" आई म्हणाली, "ह्याच्याशिवाय पुढचा कुठलाच विषय होत नाही, साहेब." साहेबही शहाणा होता. तोंडावर बोट ठेवून हळूच निघून गेला.

त्या शाळेच्या दाराशी द्वारका उभी राहायची. माझ्याच उंचीची, कमरेवर वर्षाचा भाऊ. आत यायची नाही, जायचीही नाही. फळ्यावरचं ओठांनी वाचायची.

"आत ये की," आई म्हणाली.

"हे रडतंय. तुमची साळा मोडंल."

"रडू दे. माझी शाळा इतकी कच्ची नाही."

आईनं घरून जुनं लुगडं आणलं आणि पत्र्याच्या शेडच्या आडव्या पाइपाला झोळी बांधली. झोळीला दोरी, दोरीचं टोक द्वारकाच्या पायाच्या अंगठ्याला. हाताने लिहायचं, पायाने झोका द्यायचा. गणित अवघड आलं की तिचा पाय थांबायचा, पोर रडायचं, आणि सगळा वर्ग ओरडायचा, "द्वारके, पाय!"

माझी शाळा सुटली की मी तिथं जायचे. मी तिला विचारलं, "तू कितवीला आहेस?"

तिनं बराच विचार केला. "अर्धी पाचवी झाली. मग अर्धी सहावी. आता अर्धी सातवी चालू होती, तर आमी इकडं आलो." मग म्हणाली, "मला कोणतंबी पुस्तक अर्ध्यापस्तोरच येतं. गोष्टीत पुढं काय हुतंय मला मालूमच न्हाई."

मी माझं मराठीचं पुस्तक आणून पुढच्या धड्यांपासून वाचून दाखवायला लागले. ती डोळे मोठे करून ऐकायची. कुठल्याशा धड्यातला राजपुत्र शेवटी घरी पोचतो, हे ऐकून तिनं एवढा मोठा श्वास सोडला की झोळीतलं पोर जागं झालं.

एकदा ती म्हणाली, "आमचा ऊस आत जातो, मग काय करत्यात त्याचं?" तिच्या आईबापानं जन्मभर ऊस तोडला होता, पण गव्हाणीच्या पलीकडं, जिथं मोळ्या यंत्रात पडतात त्याच्या पुढं, घरातलं कुणी गेलं नव्हतं. मी अण्णांना गळ घातली. एका रविवारी त्यांनी आम्हाला वर पॅनच्या मजल्यावर नेलं. उष्ण, चिकट, गोड हवा. लोखंडी जाळीच्या जमिनीखाली यंत्रं धडधडत होती. अण्णांनी कढईतून थोडासा पाक काचेच्या पट्टीवर घेतला आणि उजेडासमोर धरला. तपकिरी रसात बारीक चमचमते कण दिसत होते.

"हा दाणा," अण्णा म्हणाले. "आत्ता धरला."

द्वारका काचेला नाक लावून बघत राहिली. "ह्याच्यात आमचा ऊस हाय?"

"असेल की. आजचा आहे."

"आन् हे काटे? हे बघायला किती शिकावं लागतं?"

अण्णा जरा घुटमळले. "मी सातवी आहे."

"पूरी?"

"पुरी."

"मग मी पूरी सातवी करून पॅनमन व्हईन."

अण्णा मोठ्यानं हसले. बाई कधी पॅनमन होते का, असं काहीतरी म्हणाले. ती म्हणाली, "मग पॅनबाई म्हना." त्या दिवसानंतर कोप्यांवरच्या शाळेबद्दल अण्णा घरात एक शब्द बोलले नाहीत. उलट पाळीवरून येताना खिशातून खडूचे तुकडे आणायला लागले, ऑफिसच्या फळ्याखाली पडलेले.

*

माघात थंडी ओसरायला लागली आणि द्वारका यायची थांबली. झोळी रिकामी लोंबत राहिली. तिच्या शेजारच्या कोपीतल्या एका मुलीनं सांगितलं, "बाई, द्वारकीचं जमलं. आमच्याच टोळीतला हाय. हंगाम संपला की बार उडवायचा. पुढच्या साली त्येंचा येगळा कोयता."

कोयता म्हणजे हत्यार, हे मला माहीत होतं. टोळीत कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकानं तोडायचं, एकीनं मोळी बांधायची. कारखाना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकट्या मुलाला काम मिळत नाही. त्याला बायको लागते, मग ती बायको किती वर्षांची आहे हे कुणी विचारत नाही. आमच्या शाळेत निकाल लागला की आम्ही सातवीचे होतो आणि पलीकडच्या तळावर कसलाही निकाल न लागता सातवीतली मुलगी अर्धा कोयता होते, हे मला त्या दिवशी नीट कळलं नाही. आईला कळलं. ती घरी येऊन पदरानं तोंड पुसत बसून राहिली.

संध्याकाळी ती कोपीवर गेली. द्वारकाची आई गयाबाई चुलीशी होती, अंगावर दिवसभराची धूळ तशीच.

"बाई, तुमच्याशी बोलायचं म्हणता, पन येळ कुठं हाय? आता भाकरी, मग निजणं, मग पुन्ना फड. बोलायचं असलं तर फडात या."

तिनं टाळण्यासाठी म्हटलं होतं. आई रविवारी खरंच गेली, आणि मला बरोबर घेतलं.

फड नदीकडच्या अंगाला होता. ऊस आमच्या डोक्यावरून वाकलेला. कोयत्याचा सपासप आवाज, उसाच्या पानांची सळसळ, मध्येच कुणीतरी घातलेली हाळी. गयाबाईचा नवरा व्यंकट पुढं तोडत होता, गयाबाई मागं बांधत होती. द्वारका वाढी गोळा करत होती. आम्हाला बघून ती थबकली आणि मान खाली घालून पुन्हा वाकली.

आईनं पदर खोचला आणि गयाबाईशेजारी मोळी बांधायला बसली. उसाच्या पानाला करवतीसारखी धार असते. थोड्याच वेळात आईच्या दोन्ही हातांवर लाल रेघा उमटल्या. तिनं बांधलेल्या मोळ्या उचलताना सुटत होत्या, आणि गयाबाई त्या परत आवळत होती.

आईनं कायदा सांगितला. वय सांगितलं. द्वारकाचं अक्षर किती सुंदर आहे ते सांगितलं. गयाबाई ऐकत राहिली. शेवटी तिनं ऊस खाली टाकला.

"बाई, मला काय पोरगी जड झालीया व्हय? तुमी कायदा सांगून राहिल्या. तुमचं घर पक्कं हाय, दाराला कडी हाय. आमी अंधारात निघतो. पोर एकली कोपीत. कोपीला दार न्हाई, पाचटाचं हाय. गेल्या साली पलीकडच्या टोळीतल्या एका पोरीवर जे आलं ते तुमाला सांगायलाबी जीभ उचलत न्हाई. लगीन झालं म्हंजे नवऱ्याजवळ फडात तरी राहील. माझ्या नजरंम्होरं."

आईनं हातातली मोळी खाली ठेवली. घरून निघताना तिला वाटत होतं, आपण अडाणी माणसांना समजावायला निघालोय. तिनं गयाबाईकडं बघितलं, मग द्वारकाकडं.

"मग ती माझ्या दाराच्या आत राहू दे," ती म्हणाली. "आजपासून. तुम्ही गावाकडं गेल्यावरही, परीक्षा होईपर्यंत. पुढच्या हंगामात परत माझ्याकडं. माझ्या या शैलासारखी राहील."

"तुमचे मालक?"

"त्यांचं मी बघते."

गयाबाईनं नवऱ्याला हाक मारली. व्यंकट आला, घाम पुसत. ऐकून म्हणाला, "जबान दिलीया मी. सोयरा काय म्हनंल? मुकादम काय म्हनंल? व्हय-न्हाई करायला हे काय भाजीपाला हाय?" आणि तो वळून पुन्हा तोडायला लागला.

मग गयाबाईनं जे केलं ते अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. तिनं आपला कोयता बांधावर ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि बांधाच्या सावलीला मांडी घालून बसली. व्यंकट तोडत राहिला. मागं ऊस साचत गेला. बांधायला कुणी नव्हतं.

"उठ की," तो म्हणाला.

"न्हाई."

"गाडी येऊन राहिली. भरायची हाय."

"भर. तुझं तू तोड, तुझं तू बांध." तिचा आवाज चढला नव्हता. "मला न्हाण आलं न्हाई तवा उजवलं. तवापासून मी मोळ्या बांधून राहिले. दोन लेकरं फडातच झाली. मी तुला कंदी काय मागितलं न्हाई. आज मागून राहिले. द्वारकी बाईकडं जाईल, न्हाईतर आजपासून तुझा कोयता अर्धा."

सगळा फड थांबला. शेजारच्या तीन-चार कोयत्यांच्या बाया कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्यातली एक म्हातारीशी बाई सावकाश आली आणि गयाबाईच्या शेजारी बसली. मग आणखी एक आली. बैलगाडी वाट बघत उभी होती. बैल चघळत होते. व्यंकट एकदा उसाकडं बघायचा, एकदा बायकोकडं. माणूस वाईट नव्हता. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून तो सूर्याकडं बघत होता.

"सोयऱ्याला काय सांगू?" तो शेवटी म्हणाला.

"सांग, पोरीची परिक्षा हाय."

टोळीतल्या कुणीही त्याआधी ते कारण कधी दिलं नसेल. एक बाई फिसकन् हसली, मग सगळ्याच हसल्या, आणि व्यंकटही पाठ करून हसला असावा, कारण त्याचे खांदे हलत होते.

*

द्वारका आमच्या घरी आली तेव्हा तिच्याजवळ एक पिशवी होती. अण्णांनी तिच्याकडं बघितलं, आईच्या हातांवरच्या रेघांकडं बघितलं आणि म्हणाले, "दोघींच्या बिछान्याला एकच खाट पुरेल का?"

आमच्या शाळेचे मुख्याध्यापक वर्षाच्या मध्ये तिला घ्यायला तयार नव्हते. नियम होते, आणि ते चुकीचं सांगत नव्हते. दुसऱ्या दिवशी अण्णा पाळीवरून सुटून तसेच, तेलकट खाकी कपड्यांत शाळेत गेले. काय बोलले ते त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. शिपायाकडून कळलं ते एवढंच, की ते बराच वेळ खुर्चीवर बसलेच नाहीत, आणि शेवटी मुख्याध्यापकांनीच उठून त्यांना बसवलं.

शिमग्याच्या सुमाराला शेवटचा भोंगा झाला. हंगाम संपल्याचा भोंगा लांब असतो, ऐकताना वाटतं कुणीतरी थकून श्वास सोडतंय. तळावरच्या कोप्या मोडल्या, बैलगाड्या जुंपल्या गेल्या. गयाबाईनं लेकीच्या कानशिलावर बोटं मोडली आणि गाडीत चढली. द्वारका रस्त्याच्या कडेला माझा हात धरून उभी होती. तिनं तो इतका घट्ट धरला होता की माझी बोटं बधिर झाली. गाड्या वळणाआड गेल्या तरी ती हलेना. मग म्हणाली, "चल, इतिहास राहिलाय."

ती सातवी झाली. पुरी. निकालाच्या दिवशी अण्णांनी तिच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "आता तुझं-माझं शिक्षण सारखं झालं. उद्यापासून मला अहो-जाहो करू नको."

आठवी आणि नववी तिनं आमच्याकडूनच केली. त्याच दोन वर्षांत लागोपाठ पाऊस पडला नाही. ऊस वाळला, कारखान्याला गाळायला काही उरलं नाही. एका हंगामात भोंगा झालाच नाही. साहेबांची बिऱ्हाडं निघून गेली, त्यांच्याबरोबर मास्तर गेले, आणि पुढच्या जूनमध्ये शाळेच्या पडवीत शेळ्या बसलेल्या होत्या. एखादी शाळा अशी निघून जाऊ शकते, हे आम्हाला माहीत नव्हतं. देवळाच्या ओसरीतली चौथीपर्यंतची शाळा मात्र तशीच भरत राहिली. तिला कुणी कामासाठी काढलं नव्हतं, म्हणून तिचं काम संपलं नाही.

आम्ही लातूरला आलो. आई द्वारकाला आणणार होती, पण लातूरला आमचीच एक खोली होती, आणि गयाबाईनं तिला घरी नेलं. तिनं दहावी बाहेरून दिली, दुसऱ्यांदा पास झाली. लग्न झालं ते वयात आल्यावर, तिला विचारून. काही वर्षं तिनंही ऊस तोडला. हे मी लपवत नाही. एका मुलीच्या सातवीनं जग बदलत नाही. त्या सातवीमुळं तिला फक्त पुढची पायरी दिसली, आणि कधीतरी एक दिवस तिनं त्या पायरीवर पाय ठेवला.

*

अण्णा जाऊन आता काही वर्षं झाली. लातूरला भावाच्या घराच्या गच्चीवर उभं राहिलं की शिकवण्यांच्या इमारती दिसतात. सकाळी एक लोंढा आत जातो, दुसरा बाहेर येतो. मीही त्याच धंद्यातली आहे, त्यामुळं नाक मुरडायचा मला अधिकार नाही. पण कधीकधी वाटतं, पूर्वी कारखान्यानं आपल्या सोयीसाठी शाळा काढली होती, तरी त्या शाळेच्या दुपारी आम्हाला खिडकीतून बाहेर बघायला वेळ असायचा. आता शाळेनंच कारखान्याची चाल उचलली आहे. मधेच थांबून 'पुढं काय हुतंय' असं विचारायला कुणाला फुरसत नाही.

परवा त्या बसमधून उतरले आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मुखेडकडं गेले. द्वारकाच्या गावी हंगामी वसतिगृह आहे. आईबाप ऊसतोडीला जातात तेव्हा मुलांना गावातच ठेवायचं, त्यांची शाळा मोडू द्यायची नाही, यासाठीचं. द्वारका ते सांभाळते. केसांत चांदी आलीय, आवाज तसाच. आईला बघून तिनं खाली वाकून पाय धरले आणि धरूनच ठेवले. आई म्हणत राहिली, "उठ ग, उठ."

त्याच दिवशी गावातल्या उरलेल्या टोळ्या निघणार होत्या. हल्ली बैलगाड्या नाहीत, ट्रक येतात. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, कोंबड्या, शेळी, माणसं. वसतिगृहाच्या दारात मुलं रांगेनं उभी होती, मोठी शहाण्यासारखी, लहान ओठ चावत. ट्रक सुरू झाला. वरून आया हात हलवत होत्या. सहा-सात वर्षांची एक मुलगी एकदम रांगेतून सुटली आणि "माय" म्हणत ट्रकमागं पळायला लागली.

मी पुढं झाले. द्वारकानं मला हातानं थांबवलं. "पळू द्यावं लागतं. अडवलं की चार दिवस जेवत न्हाई." आणि पदर खोचून ती स्वतःच त्या मुलीशेजारी पळायला लागली. हात धरला नाही, हाक मारली नाही. धुळीत नुसत्या दोघी पळत होत्या, एक लहान आणि एक मोठी, अगदी वेशीपर्यंत, ट्रक दिसेनासा होईपर्यंत. मग मुलगी दमली. वाकून धापा टाकत उभी राहिली. द्वारकाही तिच्यासारखीच वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभी राहिली. दोघी काहीतरी बोलल्या, आम्हाला ऐकू आलं नाही.

थोड्या वेळानं त्या परत फिरल्या. तोपर्यंत आईनं वसतिगृहाच्या चुलीपाशी पोरांच्या भाकऱ्यांसाठी परातीत पीठ घेतलं होतं.